केकचा पडदा

उंच गोष्टीचा पाया भक्कम असावा लागतो, हे इतिहासाने वेळोवेळी सिद्ध केले आहे. फरहाच्या तीन मजली केकचा पाया सध्या व्हॅनमधल्या एका गोधडीवर होता, आणि गोधडी सरकत होती. मधला मजला तिच्या शेजारी होता. वरचा तिच्या मांडीवर होता, आणि मांडीला मुंग्या आल्या होत्या.

"हळू," फरहा म्हणाली.

"याच्यापेक्षा हळू म्हणजे रिव्हर्स," तिचा नवरा मोईज म्हणाला.

जुन्नर सोडल्यापासून प्रत्येक गतिरोधकावर त्यांच्यात एवढंच बोलणं होत होतं. एवढ्या लांबची ही पहिलीच ऑर्डर. ओव्हनला जागा व्हावी म्हणून सासूबाईंनी, म्हणजे चांदबींनी, खिडकीजवळचं आपलं शिलाई मशीन माळ्यावर चढवू दिलं होतं, पण अट घालून. आजचा केक फसला, तर ओव्हन माळ्यावर आणि मशीन खाली.

घोडेगाव गेलं, शिनोली आली. ऑर्डर देणाऱ्या भरतच्या वडिलांची, भिमाजींची, पंचाहत्तरी होती. मांडव पडला होता, खुर्च्यांना पांढरे झगे चढले होते. भरतने फोनवर एकच गोष्ट बजावली होती, "ताई, वरून खालपर्यंत पडदा सोडा. जांभळा, सोनेरी काठाचा. अन् खराखुरा वाटला पायजे बरं का."

हा पडदा फॉन्डंटचा, म्हणजे साखरेच्या कणकेचा. तो लाटायचा, चुण्या घालायच्या, आणि मऊ पडून लोंबायच्या आत केकवर सोडायचा. फरहाने मजल्यावर मजला चढवला, आत काड्यांचे खांब दिले. मोईजने दोन्ही पंखे केककडे वळवले. पाहुणे घामाने निथळू लागले. पण चुण्या उभ्या राहिल्या. काठ तर असा चमकला की शेजारच्या बयाबाईंना राहवलं नाही.

"अगं बया, एवढं चांगलं साटीन केकला कशाला गुंडाळलंस? तेलकट न्हाई व्हायचं?"

"आजी, साखर आहे ती."

"मला नको शिकवू," बयाबाई म्हणाल्या. फरहाला एवढी मोठी दाद आजवर कुणी दिली नव्हती. तिने लगेच चांदबींना फोटो पाठवला.

प्रमुख पाहुणे सयाजीआण्णा आले. नामफलक, पाण्याची टाकी, एसटीचा थांबा, स्मशानभूमीची शेड, गेल्या वीस वर्षांत पंचक्रोशीत जे जे झाकून ठेवलं गेलं ते आण्णांनीच उघडं केलं होतं. काही गोष्टी तर दोनदा. त्यांना शाल झाली, नारळ झाला. निवेदनाला हौशीराम गुरुजी होते. ते शब्दाशब्दांत मोठी जागा सोडत.

"आता मी विनंती करतो," गुरुजी माईकवर म्हणाले, "की आदरणीय आण्णांच्या... शुभहस्ते..."

आण्णा उठले. समोर जांभळा पडदा होता, सोनेरी काठाचा. हात आपोआप गेला.

"आण्णा, साखर!" फरहा ओरडली.

"...केक कापावा," गुरुजी म्हणाले.

तोवर ओढून झालं होतं. पडदा बराचसा अखंड आला. वरचा मजला उजवीकडे कलला आणि तसाच राहिला. आण्णांनी मुठीतल्या चुण्यांकडे पाहिलं. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. आण्णांनी पडदा ओढला की टाळी वाजवायची, एवढं तालुक्याला ठाऊक होतं. सगळा मांडव कडाडला. आण्णाही कसलेले. ते कॅमेऱ्याकडे वळून तसेच थांबले आणि पडदा मागच्या कार्यकर्त्याकडे दिला. त्याने सवयीने त्याची घडी घातली. घडीचे चार तुकडे झाले.

"आता ह्यो कापायचा का नुसता बघायचा?" भिमाजींनी विचारलं.

परतताना व्हॅनमध्ये कुणीही "हळू" म्हटलं नाही. फरहाने घरी जाऊन ओव्हनची वायर गुंडाळून ठेवली.

दोन दिवसांनी घोडेगावहून फोन आला. "ताई, आण्णांनी उद्घाटन केलेला केक तुमचाच ना? आमाला तसाच पायजे. पडद्याचा."

"कोणत्या चवीचा करू?"

"चवीचं तुमी बघा. पडदा निघाला पायजे. अन् मधी तुटाया नको."

त्या महिन्यात अशा पाच ऑर्डरी आल्या. ओव्हन जागेवरून हलला नाही. मशीनही माळ्यावरून उतरून त्याच्या शेजारी आलं.

पडदे आता चांदबी शिवतात.