संबंधितांचा इन्कार

"छापील शब्दापुढं मृत्यूचंसुद्धा काही चालत नाही," प्रा. विजयसिंह इंगवले वर्गात गरजले. आधी पत्रकार, मग कादंबरीकार आणि आता माध्यमशास्त्राचे प्राध्यापक; असं वाक्य फेकायचा त्यांना तिन्ही खात्यांतून हक्क होता. तेवढ्यात फोन वाजला. कोल्हापुरातल्याच एका दैनिकात उपसंपादक असलेली त्यांची जुनी विद्यार्थिनी क्रांती बोलत होती.

"सर, तुम्ही वारल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. खरं हाय का?"

सरांनी नकळत स्वतःची नाडी धरली. "अगं, मी बोलतोय की."

"व्हय, आवाज तुमचाच हाय. पण तुम्ही पडला संबंधित. संबंधितानं इन्कार केला म्हणून बातमी थांबवायची नसते, त्रयस्थाकडनं खात्री करायची, हे तुम्हीच शिकवलंय."

"क्रांती, कागलला माझी म्हातारी आई उठल्या उठल्या पेपर उघडते. तिनं हे वाचलं तर?"

"म्हणून तर फोन केला. पान लावायला घेतलंय."

सरांनी फोन स्पीकरवर टाकला. "मग माझ्यासमोर अख्खा वर्ग बसलाय, त्यांना विचार."

"ती पोरं न्हाईत चालायची, सर. त्यांचे इंटर्नल मार्क तुमच्या हातात हायत. तुम्ही जिवंत म्हणाला तर ती जिवंतच म्हणणार."

सरांनी वर्गाकडं पाहिलं. सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या.

"मग आता मी काय करू?" सरांचा आवाज पार खोल गेला.

"काय न्हाय, सर. बाहेर शिपाई असंल तर त्याच्याकडं जरा फोन द्या की."