पुन्हा न उठलेला भालाईत

दिवाळीच्या किल्ल्यावर वत्सलाबाई कारखानीसांच्या खेळण्यांच्या कंपनीचे बोटभर जिवंत सैनिक लढत होते. पडत होते आणि अंग झटकून पुन्हा उठत होते. देशभर घरोघरी हेच सैनिक होते. बुरुजावर मात्र त्यांच्या दिराने, दत्तूभावजींनी, पेणच्या एका छोट्या कारखान्यातला भालाईत उभा केला होता. तो कारखाना वत्सलाबाई उद्या विकत घेणार होत्या.

"भावजी, घरातच फितुरी?"

"वहिनी, नुसतं बघा हो!"

भालाईत दरवाज्यावर धावला, एकटाच भिडला आणि पडला. पडताच त्याचा ओल्या मातीचा गोळा झाला. कीर्तनात आख्यानातला वीर पडला की लावायचे, तसं भावजींनी डोळ्यांना उपरणं लावलं.

"अहो, दुसरा आणा की!"

"दुसरा येईल, वहिनी. पण याला महिनाभर मी शिकवलं होतं. हा नाही यायचा."

खाली कंपनीचे सैनिक पुन्हा उठून उभे राहिले होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

"राहू दे तो कारखाना," वत्सलाबाई हळूच म्हणाल्या. "घेतला, तर आमची माणसं आधी असल्या भालाइतांना उठायला शिकवतील."

मग तो गोळा ओंजळीत घेऊन त्या तुळशीकडे गेल्या.