निळा ठिपका

मावशीच्या हाताला तोड नव्हती. तिने बसवलेली दाताची कॅप कधी हलली नाही की कुणाला टोचली नाही. नुकतीच डॉक्टर झालेली भाची तिच्या हाताखाली शिकत होती आणि बघतच राहायची.

त्या दुपारी एका आजोबांच्या वरच्या दाढेला कॅप बसवायची होती. भाची सिमेंट कालवायच्या तयारीला लागली. मावशीने कॅप दाढेवर नुसती ठेवून, समोरचा दात कुठे टेकतो ते दाखवणारा निळा कागद आजोबांच्या तोंडात धरला. "चावा."

कॅपवर निळा ठिपका उमटला.

"जरा उंच लागतेय," आजोबा म्हणाले. मावशीने ठिपक्यावर हलकेच घासलं, पुन्हा चावायला लावलं.

"आता कशी झक्कास!" आजोबा म्हणाले.

मग सिमेंट भरून तिने कॅप दाबून बसवली. सिमेंट घट्ट झाल्यावर कडेचं जास्तीचं काढायला भाची वाकली आणि थबकली. कॅपच्या बरोबर समोर, खालच्या जबड्यात दाढच नव्हती. नुसती गुळगुळीत हिरडी होती.

"मावशी, हे चावले कशावर?"

"खालची मीच काढली, गेल्या वर्षी," मावशी हळूच म्हणाली. तिचे डोळे मात्र कौतुकाने चमकत होते. "पण जुळलीय बघ कशी!"

आजोबांनी समाधानाने तोंड मिटलं.

टक्. दाढेवर दाढ टेकली.