वेगळा मग

सकाळी साडेसहाला लॅबवाल्याने तंबूच्या दाराबाहेर टांगलेला आपला स्टीलचा मग काढला आणि त्यात चहा ओतून घेतला. रात्रभर पावसाने झोडपून काढलं होतं. भाड्याच्या एका तंबूत तिघे मित्र, ओले मोजे आणि आंबूस वास. त्यात मास्तर आणि इलेक्ट्रिशियन एकाच मगातून आळीपाळीने चहा भुरकत होते. दोघांच्याही मिशा त्यात बुडत होत्या.

"शी! माणसाच्या अंगातून काय काय निघतं, ते मी रोज तपासतो," लॅबवाला शेवटचा घोट घेत म्हणाला. "म्हणून माझा मग तुमच्या भांड्यांत नाही ठेवला. रात्रीच गरम पाण्याने धुऊन बाहेर वेगळा टांगला."

इलेक्ट्रिशियनचा चेहरा पडला. "अरे, तो तुझा होता? मला वाटलं तंबूबरोबर आलाय. रात्री एवढ्या गारठ्यात लघवीला बाहेर जायचं जिवावर आलं होतं रे. दारातून हात काढला, तर तोच लागला. पण लगेच पावसात विसळून परत टांगला, शप्पथ!"



मास्तरने चमकून इलेक्ट्रिशियनकडे पाहिलं. "म्हणजे, तूपण?"