धडा नववा : घरातली व्यक्ती

लाल पेन्सिलीने सासूबाईंचं तोंड सरळ केलेलं होतं.

सुनेने पाकीट ओट्यापाशी उभ्याउभ्याच फोडलं. आत तिचंच चित्र होतं आणि त्यावर वरच्या कडेने चिकटवलेला ट्रेसिंग पेपर. टपालाने चित्रकला शिकवणारे गुरुजी मूळ चित्राला हात लावत नसत. चुका या पातळ कागदावर दुरुस्त करून पाठवत. कागद खाली असला की सासूबाईंचे ओठ एका रेषेत. वर उचलला की डावी बाजू पुन्हा हनुवटीकडे ओघळलेली. तिने तो दोनदा उचलला, दोनदा सोडला.

कडेला शेरा होता : 'तोंडाची डावी बाजू घसरली आहे. मागील वेळीही हीच चूक. निरीक्षण वाढवावे.' त्याखाली शिक्का : 'चित्रासोबत खुलासे जोडू नयेत.'

खुलासा तिनेच जोडला होता. चार ओळी. सासूबाईंना पक्षाघात झालाय, तोंड खरंच तसं आहे, मी बघूनच काढलंय.

आता एकच संधी उरली होती. हा धडा तिसऱ्यांदा परत आला की अभ्यासक्रम तिथेच बंद, प्रमाणपत्र नाही. आणि प्रमाणपत्राशिवाय बाहुल्यांच्या कारखान्यातला मुकादम चेहरे रंगवायला घरी देणार नव्हता. मूल पायाशी ठेवून करता येईल असं तेवढं एकच काम तिला आजवर सापडलं होतं.

तिने आतल्या खोलीत डोकावलं. बाळ झोपलेलं होतं. छाती वरखाली होतेय ना, हे तिने पाहून घेतलं. दारापर्यंत आली आणि पुन्हा मागे वळून पाहिलं.

"आलं का तुझ्या गुरुजींचं?" खिडकीजवळच्या खुर्चीतून सासूबाईंनी विचारलं. त्यांचे शब्द एका बाजूने सांडत यायचे. सुनेला ते आता सवयीने कळत. "काय म्हणतात?"

"काही नाही. बारीकसारीक."

"बारीकसारीक असतं तर इतका वेळ तिथे खिळून राहिली नसतीस. आण इकडे."

"पुन्हा काढायचंय, आई. तासभर बसावं लागेल तुम्हाला."

"मी दुसरं काय करते गं दिवसभर? माझ्या लेकाला बसवलं असतंस तर पाचव्या मिनिटाला घोरला असता." सासूबाई अर्ध्या तोंडाने हसल्या. "टपालाने चित्रं शिकतेय म्हणे! उद्या पोहायलाही टपालानेच शीक, म्हणजे अंग भिजायला नको. आण म्हणते ना."

सुनेने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. सासूबाईंनी उजव्या हाताने ट्रेसिंग पेपरची सुरकुती काढली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. दवाखान्यातून आल्यापासून त्या आरशासमोर गेल्या नव्हत्या.

"भला माणूस दिसतोय," त्या म्हणाल्या. "एवढ्या औषधांनी झालं नाही ते यानं पेन्सिलीनं केलं."

सुनेने फोडलेलं पाकीट घडी करून बाजूला ठेवलं.

"मग घे की उतरवून यावरून. अडलंय कुठं?"

"खाली तुमची सही लागते." तिने कागदाच्या तळाशी छापलेली ओळ दाखवली. 'हे चित्र मला समोर बसवून काढलेले आहे.' आणि पुढे रेघ. माणूस बदलायचीही सोय नव्हती. पहिल्या कागदावर जिची सही, तीच शेवटपर्यंत.

"खोट्यावर मी सही करत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी हात जोडले होते, तेव्हासुद्धा नाही केली."

"मी कुठे करा म्हणतेय?"

"म्हणत नाहीयेस. नुसती बघतेयस."

सून उठली. दुसरं काही सुचेना म्हणून तिने फळीला कोरा कागद लावला आणि समोरच्या स्टुलावर बसली. कपाळ घेतलं. भुवया घेतल्या. डोळे, नाक. तिथवर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. नाकाखाली आल्यावर पेन्सिल थांबली. जे दिसत होतं ते काढलं तर कागद परत येणार होता.

आत बाळ कुसमुसलं. ती कान देऊन राहिली. बाळ पुन्हा शांत झालं, तरी पेन्सिल हलली नाही.

सासूबाई तिच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला, हनुवटीखालून डावीकडे नेला आणि दोन बोटांनी सुटलेला गाल धरून वर ओढला. ओठ रेषेत आले. दंड थरथरायला लागला. लाळेचा एक धागा बोटांवरून मनगटाकडे निघाला.

"आई, राहू द्या. हात खाली घ्या."

"आता सरळ आहे ना?" ओढलेल्या गालातून शब्द आणखीच जड आले. "तुझ्या समोर आहे ना? मग यात खोटं काही नाही. काढ."

सुनेने ओठांची रेष ओढली. एकदाच. खोडावी लागली नाही. आठ धड्यांत इतकी स्वच्छ रेष तिला जमली नव्हती.

"झालं?"

"थोडं राहिलंय."

"घे सावकाश," सासूबाई म्हणाल्या. "हात तेवढा चित्रात घेऊ नकोस."