ओगीचं पाणी

तितिलायोनं इन्क्युबेटरमधून काचेची बशी काढली, झाकणावरून पाहिली आणि पटकन टेबलावर ठेवली. सहा महिने हाच पाला, हेच हगवणीचे जंतू आणि रोज सकाळी शून्य. संशोधनाचा विषय बदल म्हणून सर मागे लागले होते.

"काय गं, कुणी मेलं की काय?" इया आयिंडेनं विचारलं. पाला तिचाच. ओगबोमोशोच्या बाजारात ती चाळीस वर्षं झाडपाला विकत होती. इया आयिंडे म्हणजे आयिंडेची आई. पण त्या आयिंडेला बाजारात कुणीच पाहिलं नव्हतं.

"इया, बघा तरी."

बशीभर सायीसारखा पांढरा थर धरला होता. त्यात औषधाचे थेंब घालायला पाडलेली तीन भोकं. एकाभोवती कोटाच्या बटणाएवढं लख्ख वर्तुळ.

"इथं तर काहीच उगवलं नाही," म्हातारी हिरमुसली.

"तेच तर, इया. पांढरं दिसतंय ते सगळे जंतू. कोट्यवधी. तुमच्या पाल्यानं एवढ्या जागेत एकाला येऊ दिलं नाही."

म्हातारी जन्मभर ज्यांच्याशी झगडली, ते आज तिला पहिल्यांदा दिसत होते. आणि त्यांच्या मधोमध ते मोकळं अंगण. थोरामोठ्यांसमोर करावं तसं तिनं डोक्यावरचं फडकं सारखं केलं.

"आणि ही दोन?"

"हे नुसतं ओगीचं आंबट पाणी, पेजेसाठी मका भिजवल्यावर उरतं ते. आणि हा पाला साध्या पाण्यात. दोन्ही फुकट. मी वेडी सहा महिने साधंच पाणी घेत बसले. परवा तुम्ही गिऱ्हाइकाला पाल्याबरोबर ओगीच्या पाण्याची बाटली दिलीत, तेव्हा डोक्यात उजेड पडला. वर्तुळ आलंय ते त्याच पाण्यातल्या पाल्याचं."

"आईची रीत. मला वाटायचं, पाणी ते पाणी."

म्हातारीनं साध्या पाण्याच्या भोकावर, झाकणावरूनच, बोट ठेवलं. ते उचललंच नाही.

"त्या साली पाऊस नव्हता. घरात मक्याचा दाणा नव्हता. आयिंडेला हगवण लागली, तेव्हा पाला मी साध्या पाण्यातून दिला."

तितिलायोनं तिच्यासमोर गुडघे टेकले.

"गावाला विकत राहिले," म्हातारी म्हणाली, "पण घरात नंतरच्या लेकरांना, नातवंडांना कधी दिला नाही. वाटलं, पानच खोटं."

मग ती त्या लख्ख वर्तुळाकडे डोळे भरून पाहत राहिली.

"सुनेला फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, मका भिजत घाल."