उरलेलं औषध

"आजी, अंग सैल पडायचं औषध निम्मंच देते हं. तुमच्या वयात ते लवकर उतरत नाही," भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग उरलेलं तू घे," टेबलावरच्या आजी बोळकं पसरून हसल्या आणि भुलेने झोपल्या.

औषध देऊन झालं. आजींच्या मनगटाला लावलेल्या तारांतून यंत्राने चार बारीक झटके दिले. औषध लागू पडलं असतं, तर अंगठा हलायला नको होता. तो चारही वेळा टुणकन उडाला.

पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

सिरिंजमध्ये भलतंच औषध तर नाही ना, अशी डॉक्टरीणबाईंना शंका आली. "सिस्टर, ही सिरिंज कुणी भरली?"

"तुम्हीच की! माझ्या डोळ्यांदेखत," सिस्टर फणकारली.

लेबल बरोबर होतं. पण निम्मं औषध शिल्लक ठेवलेली ती सिरिंज आता कोरडी ठणठणीत होती.

"घ्यायची का सुरी हातात?" सर्जन खोळंबले होते.

यंत्र आधी स्वतःवर तपासायची बाईंची सवय आज नेमकी घाईत राहून गेली होती. त्यांनी आजींच्या तारा काढून आपल्या मनगटाला चिकटवल्या आणि बटण दाबलं.

चार झटके चांगलेच झोंबले. त्यांचा अंगठा ढिम्म हलला नाही.

समोर आजींचा मोकळा अंगठा मात्र चार वेळा उडाला.

"मॅडम, अजून हलतोय का?" सर्जननी विचारलं.

बाईंना सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. जीभ तेवढी उचलत नव्हती.